दाणा न खाणारा व्हला

कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणसानं आधी पुरेसं काम केलेलं असावं. या अंकात माझ्या मागंपुढं ज्यांचे लेख येतील ते कचेरीत, शाळाखात्यात, इस्पितळात सारी उमर घालवलेले लोक असणार. मी अजून कॉलेजात शिकतो. संपादकांना मी तसं कळवलंही होतं. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, की तुम्ही गावाची पत्रं वाचता आणि लिहिता, त्याला काम नाही तर काय म्हणायचं? म्हणून लिहायला बसलो आहे. माझी ही लिहिण्याची भाषा मी पुस्तकांतून शिकलो, घरी ती कुणी बोलत नाही. कुठं अडखळली तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव वडूजपासून दोन कोसांवर, माणच्या अंगाला. वडील मेंढरं राखतात. गावात पहिला इंग्रजी शिकलेला मी. मराठी चौथी झाल्यापासून गावाची पत्रं माझ्याकडं येऊ लागली. पुढं सांगलीला कॉलेजात गेलो, तरी सुट्टीत घरी आलो की अंगणात माणसं बसलेलीच. बाजाराच्या दिवशी वडूजला पोस्टाच्या भिंतीला टेकून बसायचो. तिथं तर गावोगावची माणसं येत. आमच्या भागातल्या बहुतेक घरांतला एक माणूस मुंबईला नाहीतर पलटणीत, त्यामुळं कामाला तोटा नव्हता.

बाहेरच्याला वाटेल, यात शिकण्यासारखं काय आहे. पत्र लिहिणं सोपं आहे, पण माणसाच्या तोंडून ते काढणं अवघड. बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पत्ता कुणाच्या नावानं घालायचा हे विचारलं की पदर तोंडाला. मग शेजारणीला विचारायचं. शेजारीण नात्यानं त्याची चुलती निघाली तर बरं, भावजय निघाली तर तीही लाजणार. एका बाईचा नवरा कुठल्या गिरणीत आहे, कुठल्या चाळीत आहे, सगळं तिला पाठ होतं. नावासाठी मात्र मला तिच्या गावच्या पाटलाला गाठावं लागलं.

एक म्हातारा दर बाजाराला येई आणि मुंबईच्या थोरल्या मुलाला निव्वळ शिव्या लिहायला सांगे. लिहून झालं की म्हणे, "आता वाच." मी वाचायचो. तो बोटं मोडत ऐके आणि एखादी शिवी मी लाजून गाळलेली असली तर बरोबर पकडे. "धाकट्या मामावरची ऱ्हायली की रं." मग ती कडेला उभी लिहायची. शेवटी मात्र "तुझी आई वाट बगती" एवढं लिहायला लावायचा आणि ते वाचून दाखवायची गरज नाही म्हणायचा.

वाचणं याहून अवघड. सुरुवातीला मला ते कळलं नव्हतं. एकदा एका बाईचं पत्र मी भर अंगणात मोठ्यानं वाचायला घेतलं. नवऱ्यानं मुंबईत दुसरी बायको केली होती. ते वाक्य अर्धं तोंडातून बाहेर पडल्यावर मला समजलं आणि थांबताही येईना, कारण थांबलो असतो तरी सगळ्यांना कळलंच असतं. ती बाई पुन्हा माझ्याकडं आली नाही. त्या दिवसापासून मी पत्र आधी डोळ्यांनी वाचतो, मग तोंडानं. एक नियमही केला. पत्रात आहे ते सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि आतलं काही गाळायचं नाही. शिव्याही नाहीत. हा नियम मी एकदा मोडला. त्याचंच आता सांगतो.

आमच्या आळीत तात्या म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांचा एकुलता मुलगा ज्ञानू, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चौथीपर्यंत शिकून तो पलटणीत भरती झाला. घरी तात्या आणि ज्ञानूची बायको हौसावैनी, दोघंच. ज्ञानू सुट्टीवर आला होता तेव्हा त्यानं मला आपली आधीची पत्रं दाखवून विचारलं होतं, काही चुकतं का. मी तेव्हा इंग्रजी सहावीत होतो आणि मला फार शिकवावंसं वाटे. मी त्याला सांगितलं, की तू ठिकाण आणि तारीख कुठंच घालत नाहीस. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात वर मुक्काम लिहावा, खाली मिती. आम्हाला गुरुजींनी असंच शिकवलं होतं. त्यानं मान डोलावली.

जपान शरण आल्याची बातमी आली त्या वर्षीची गोष्ट. लढाई संपली म्हणून वडूजला साखर वाटली. आमच्या गावचे दोघे दिवाळीच्या आत परत आले. ज्ञानू आला नाही, पत्रही नाही. तात्या वडूजला जाऊन पोस्टात विचारून येत.

मग नाताळाच्या थोडं आधी पत्र आलं. मी सांगलीत होतो, त्यामुळं पुढचं ऐकीव आहे. पोस्टमन आठवड्यातून एकदा येणारा, साठीचा माणूस. पलटणीकडून येणारं पत्र म्हणजे एकच कागद, तोच दुमडून पाकीट केलेला. त्याचा उजवा कोपरा नव्हता. आमच्याकडं मयताची खबर कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून टाकतात. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं. पोस्टमननं पत्र जोत्यावर ठेवलं, पागोटं काढून हातात घेतलं आणि एक शब्द न बोलता माघारी गेला. त्याला वाचता येत होतं. पण अशा पत्रात वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं, असंच त्यालाही वाटलं असणार.

तात्यांनी अंगावर पाणी घेतलं. भावकी जमली. बायांनी हौसावैनींच्या बांगड्या फोडल्या. फाडायला म्हणून पत्र शोधलं तर जोत्यावर नव्हतं. वैनींनी ते उचलून परड्यातल्या कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवलं होतं. न वाचता फाडायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. कोण वाचणार विचारल्यावर, सदा येईल, म्हणाल्या. सदा म्हणजे मी.

मी आठव्या दिवशी पोचलो. दहाव्याला ओढ्यावर जायचं ठरलं होतं, न्हाव्याला सांगून झालं होतं. माझ्या वडिलांनी रस्त्यातच मला गाठून हकिकत सांगितली. मी पिशवी त्यांच्याकडं दिली आणि तसाच तात्यांच्या परड्यात गेलो. तात्या आणि भावकी तिथंच बसली होती. वैनींनी गंजीतून पत्र काढून दिलं. कोपरा हातानं फाडलेला नव्हता, कात्रीनं सरळ कापला होता. त्याच्याखाली ज्ञानूचं अक्षर. मी आधी डोळ्यांनी वाचलं.

लढाई संपली होती, पण सरकारी कात्री संपली नव्हती. पलटण कुठं आहे ते घरी कळू नये म्हणून पत्रं उघडून ठिकाणांची नावं कापत. ज्ञानूनं माझ्या शिकवणीप्रमाणं उजव्या कोपऱ्यात मुक्काम घातला होता. तो मुक्काम आणि त्याच्याखालची मिती कुणा साहेबानं कापून टाकली होती.

मी म्हणालो, "तात्या, ज्ञानू हाय. ह्ये त्येनंच लिव्हलंय."

तात्या हलले नाहीत. म्हणाले, "लेका, आमाला बरं वाटावं म्हनून बोलू नगंस."

मी वाचून दाखवलं. पत्र मला जवळजवळ पाठ आहे. तीर्थरूप तात्यांस दंडवत, मी खुशाल हाय, हितं पाऊस लय, जमीन काळी, ऊस बी हाय. मग त्यानं असं लिहिलं होतं: "हितं छावनीजवळ वडावानी झाड हाय. त्यावर येक व्हला येतो. आंग पोपटावानी हिरवं, डोस्कं राखंवानी पांढरं, मागं काजळाची तीट लावल्यागत काळा ठिपका. गळ्याखाली हळद, शेपटीच्या बुडाला कुकू. मी भात टाकला, चपाती टाकली, खात न्हाई. दान्याकडं बगत बी न्हाई. निस्ती झाडाची फळं गिळतो. घुमतो मातर व्हल्यावानीच. सदाला इचारा ह्याचं नाव काय, त्येच्या बुकात आसंल."

होला म्हणजे कबुतराच्या जातीचं रानपाखरू, त्याला आमच्याकडं व्हला म्हणतात. खळ्यावर, कणसावर, जिथं दाणा तिथं व्हला. दाणा न खाणारा व्हला आमच्या मुलखात कुणी ऐकलेला नव्हता. मग तात्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"त्योच हाय," ते म्हणाले. "तीन म्हैन्यांनी पत्र लिव्हतोय आन बापाला पाखराचं सांगतोय. आसलं येडं दुसरं कोन आसनार?"

भावकीतला एक जण म्हणाला, "फळं खातोय म्हंजी मोठ्या घरचा व्हला दिसतोय." आणि आठ दिवस सुतक पाळलेल्या त्या परड्यात माणसं हसली. वैनी हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "त्ये तीट लावल्याचं पुन्यांदा वाचा." मी वाचलं.

मणेरचाचा बांगड्यांची माळ घेऊन गावात आलेच होते. त्यांना बोलावलं. म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या, की एकदा फोडलेल्या हातात परत काकणं कशी भरायची, असं कधी झालेलं नाही. मणेरचाचा खाली बसत म्हणाले, "मानूस जित्ता हाय न्हवं? मग हात फुडं कर, बाय." त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या. मला फार समाधान वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही वाटला. माझ्या वाचण्यानं एक माणूस जिवंत झाला असं वाटत होतं.

ज्ञानू कुठं आहे हा प्रश्न मात्र राहिलाच. पत्रावर पलटणीच्या टपालाचा नुसता आकडा. तात्या म्हणाले, त्या पाखराचा मुलूख हुडकला तर पोराचा मुलूख कळेल. हे मला सुचलं नव्हतं.

सांगलीला परतल्यावर मी प्राणिशास्त्राच्या सरांकडं गेलो. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. दाराशी बराच वेळ उभा राहून मग विचारलं. त्यांनी हळद, कुंकू, तीट सगळं नीट ऐकून घेतलं, हसले नाहीत. लायब्ररीतून रंगीत चित्रांचं एक जाड पुस्तक काढलं आणि पानं उलटत एका पानावर थांबले. ज्ञानूनं लिहिलं होतं तसंच पाखरू. हिरवं अंग, राखी-पांढरं डोकं, मागं काळा डाग. सरांनी समजावलं, की होल्यांच्या कुळात फळांवरच जगणारी एक मोठी शाखा आहे. त्यातली पुष्कळ पाखरं एकेका बेटापुरती असतात. हे तर फक्त पूर्वेकडच्या उष्ण बेटांवर सापडतं, हिंदुस्थानच्या भूमीवर कुठंच नाही. बेटांची नावं वाचता वाचता ते थांबले. "तुमचा माणूस पलटणीत आहे म्हणालात ना? मग जावा असेल."

जावाचं नाव मी वाचलेलं होतं. वसतिगृहात वर्तमानपत्र येई. त्यात रोज असायचं, की जावात तिथले लोक डचांचं राज्य परत येऊ द्यायला तयार नाहीत, बंदुका घेऊन उठले आहेत आणि आपल्या हिंदी पलटणी त्यांच्यापुढं उभ्या केल्या आहेत. माणसं पडत होती. जगातली लढाई संपली होती आणि ज्ञानू दुसऱ्याच कुणाच्या लढाईत होता. त्या लोकांचं ऐकावं तर ते स्वातंत्र्यच मागत होते. आमच्या वसतिगृहातली मुलं त्यांच्या बाजूची होती, मीही होतो. मी चित्राच्या पानाकडं पुन्हा पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

संक्रांतीला गावी गेलो. तात्यांना पाखराचं सगळं सांगितलं. बेट आहे, चहूकडून समुद्र, बारा महिने हिरवं, फळं मुबलक. तात्या म्हणाले, "मग सुकात हाय म्हनायचा." मी हो म्हणालो.

वैनी चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तितं लडाई हाय का, भावजी?"

मी म्हणालो, "न्हाई, वैनी."

का म्हणालो ते मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. हातातल्या बांगड्या दिसत होत्या म्हणून, एवढंच उत्तर येतं. आणि हेही खरं, की ज्ञानू जिवंत आहे हे मी आणलेलं वर्तमान होतं. त्याला डाग लागू नये असं मला वाटलं.

मग उत्तर लिहायला बसलो. एरवी तात्या सांगत आणि वैनींचं म्हणून शेवटी "घरची मंडळी खुशाल" एवढं असे. त्या दिवशी वैनी स्वतः सांगू लागल्या. तात्या उठून बाहेर गेले. वैनी म्हणाल्या, काकणांचं काही लिहू नका, त्यांच्या जिवाला लागेल. कोपऱ्यात ठिकाण घालायचं नाही हे लिहा. त्या पाखराला भात टाकत बसू नका म्हणावं, त्याला फळंच आवडतात तर त्यानं फळंच खावीत. मी लिहीत गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, "आन लिवा, सदाभावजी म्हनत्यात तितं लडाई न्हाई. मग साहेब सुट्टी का देत न्हाई, ह्ये त्यास्नी इचारा."

नियम असा, की सांगितलं ते लिहायचं. माझं खोटं मी माझ्या अक्षरात, त्या लढाईत उभ्या असलेल्या माणसाला लिहिलं. वाचून दाखवलं. पत्ता घातला आणि वडूजला जाऊन पेटीत टाकलं.

मार्चात माझी परीक्षा होती. एके दिवशी दुपारी वसतिगृहाच्या फाटकात तात्या उभे दिसले. रहिमतपूरपर्यंत चालत येऊन त्यांनी गाडी धरली होती. सांगली त्यांनी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. विचारत विचारत आले होते. मी त्यांना खोलीत आणलं, पाणी दिलं. त्यांनी मुंडाशाच्या घडीतून एक लांब पाकीट काढलं. सरकारी, टंकलेलं, इंग्रजी. चार दिवसांपूर्वी आलं होतं. वडूजला मास्तर होते, पोस्टातले बाबू होते. मी विचारलं, तिथं का नाही वाचून घेतलं? ते म्हणाले, "आमचं तूच वाचतूस."

मी डोळ्यांनी वाचलं. पत्रात लिहिलं होतं, की ज्ञानू आधी बेपत्ता धरला होता, आता चौकशीअंती लढाईत मारला गेल्याचं पक्कं झालं आहे. खाली मारला गेल्याची तारीख होती आणि दुःख वाटत असल्याचं एक वाक्य. इंग्रजी सोपं होतं. मी ते दुसऱ्यांदा वाचलं, कारण पहिल्यांदाच समजलं होतं.

मी म्हणालो, "तात्या, ज्ञानू गेला."

त्यांनी तारीख विचारली. मी सांगितली. इंग्रजी महिना त्यांना कळेना, तेव्हा म्हटलं, आपल्या चंपाषष्ठीच्या आधीची. ते बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. ते कापलेलं पत्र गावात यायच्या सोळा दिवस आधी. मीही मनात तेच मोजलं होतं.

"म्हंजी तवा आमी रडलो त्ये बरुबरच हुतं," ते म्हणाले.

त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"लडाईत गेला म्हनतोस. तितं लडाई हुती व्हय?"

"हुती, तात्या."

"तुला ठावं हुतं?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. शेजारच्या खोलीत कुणी पाठांतर करत होतं, तिकडं त्यांनी कान दिला. मग उठून मुंडासं बांधू लागले.

"तिला म्या अजून कायबी बोल्लो न्हाई," ते म्हणाले. "त्या दिशी हाय म्हनायला तू आलतास. आता न्हाई म्हनायलाबी तूच चल."